तूट घटली, मग कर्ज का वाढले?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखाली जालन्याहून, परभणीहून एकच प्रश्न फिरून फिरून आला: ‘सरकार म्हणते तूट कमी झाली आणि बातम्यांत तर कर्ज वाढल्याचे सांगतात, यातले खोटे कोण बोलते?’ कोणीच नाही. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाला की तूट पडते आणि ती भागवण्यासाठी सरकार रोखे विकून कर्ज काढते, एवढे सर्वांना ठाऊक आहे; घोळ होतो तो पुढच्या पायरीवर.

पैठणच्या नाथसागराचे आकडे आपण पावसाळाभर पाहतो. दरवाजे बंद असताना आवक घटली, तर साठा घटत नाही. तो वाढतच राहतो, फक्त सावकाश. तूट ही वर्षाची आवक आहे आणि कर्ज हा साठा.

हेच आता रुपयांत पाहू. केंद्राची तूट २०२०-२१ मध्ये जीडीपीच्या, म्हणजे देशाच्या वर्षभराच्या एकूण उत्पादनाच्या, ९.२ टक्के होती आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ती ४.४ टक्के धरली गेली, म्हणजे निम्म्याहून खाली आली. तरीही ही ‘घटलेली’ तूट १५.६९ लाख कोटी रुपयांची आहे आणि तेवढी भर जुन्या कर्जात पडणारच. हे सांगितले की एक जण मला सरकारविरोधी ठरवतो आणि दुसरा सरकारचा भाट. बेरीज मात्र कोणी करून पाहत नाही.

महागाईच्या बाबतीतही नेमकी हीच गफलत होते. किरकोळ महागाईचा दर एप्रिल २०२२ मध्ये ७.७९ टक्के होता, तो ऑक्टोबर २०२५ मध्ये ०.२५ टक्क्यावर आला, तेव्हा आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एक काका तावातावाने विचारत होते, की मग तेलाचा डबा स्वस्त का होत नाही? कारण दर उतरणे म्हणजे एकूण भाववाढ मंदावणे; भाव मागे जाणे नव्हे. त्या महिन्यात डाळी खरोखरच उतरल्या होत्या, पण त्याचा आनंद किती मानायचा, हे मोंढ्यावर तूर घालणाऱ्याला विचारावे.

आता या दोन्ही गोष्टी एकमेकींना कुठे भिडतात ते पाहा. कर्ज जीडीपीच्या प्रमाणात मोजतात आणि जीडीपी त्या त्या वर्षीच्या चालू भावांनी धरतात, त्यामुळे महागाई वाढली की जुन्या कर्जाचे ओझे कागदावर आपोआप हलके दिसते; त्याची किंमत मात्र ज्याची मजुरी भावांइतकी वाढत नाही, तो चुकवतो. महागाई वाढू देऊन कर्ज हलके करण्याचा हा मोह आवरावा म्हणूनच २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने, २००६ पासून, रिझर्व्ह बँकेला नवा पैसा तयार करून सरकारचे नवे रोखे थेट विकत घेण्यास एरवी मनाई केली आणि २०१६ पासून बँकेपुढे ४ टक्के महागाईचे लक्ष्य ठेवले गेले.

माझा खरा आक्षेप कर्जाच्या रकमेपेक्षा त्याच्या वापरावर आहे. त्याच अर्थसंकल्पात महसुली तूट, म्हणजे चालू उत्पन्नापेक्षा जास्त झालेला चालू खर्च, ५.२४ लाख कोटी रुपये आहे, म्हणजे काढलेल्या कर्जाचा सुमारे एकतृतीयांश भाग व्याज, पगार, अनुदाने अशा चालू खर्चातच जिरतो. एकट्या व्याजाचीच तरतूद १२.७६ लाख कोटी आहे. आपल्याकडे पीककर्जाचे नवे-जुने करतात, म्हणजे नवे कर्ज काढून जुने भागवतात, तसाच हा प्रकार. केंद्रानेही आता तुटीऐवजी कर्जाचे प्रमाण हेच मुख्य लक्ष्य धरले असून मार्च २०३१ पर्यंत ते जीडीपीच्या सुमारे ५० टक्क्यांवर आणायचे ठरवले आहे. त्यामुळे पुढच्या अर्थसंकल्पाच्या दिवशी तुटीचा आकडा ऐकून झाला, की महसुली तूट आणि व्याज या दोन ओळी तेवढ्या शोधा आणि त्यांवरचे प्रश्न खाली लिहा.