रापण : दोराला हात लावणाऱ्यांचा संघ

(दृश्य : मालवणजवळचा वाळूचा किनारा. उपड्या होडीला टेकून तीन-चार माणसं पाण्याकडे बघत बसली आहेत.)

ट्रॉलर, म्हणजे जाळं मागे ओढत चालणारी यंत्राची बोट, माशामागे जातो. पर्ससीनवाला माशाचा थवा हुडकून त्याला वेढा घालतो. रापण म्हणजे होडीतून पाण्यात सोडून किनाऱ्यावरून माणसांनी हातानं ओढायचं लांब जाळं. तिला यातलं काही जमत नाही. थवा किनाऱ्याजवळ आला तर दिवस भागला, नाही आला तर जाळं मांगरातच, म्हणजे किनाऱ्यावरच्या खोपटातच, पडून. सिंधुदुर्गातल्या रापण संघांची गोष्ट इथूनच सुरू करावी लागते. पुढची भांडणं, मोर्चे, कायदे, सगळं या बसून राहण्यातून निघालं आहे.

देवगड, मालवण, वेंगुर्ला. तीन तालुके आणि १२१ किलोमीटरचा किनारा. खडकांच्या मधे मधे वाळूचे पट्टे : आचरा, तळाशील, तोंडवळी, दांडी, तारकर्ली, देवबाग, निवती, शिरोडा. रापण लागते ती अशा वाळूवरच, कारण तळाला खडक असला की जाळं फाटलंच. वस्ती मुख्यतः मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजाची. मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग बांधायला घेतला. आजही नारळी पौर्णिमेला मालवणच्या बंदरावर सोन्याचा मुलामा दिलेला नारळ दर्याला वाहिला जातो आणि मग हंगामाला तोंड फुटतं.

(दृश्य : होडी पाण्यात. वल्ही. मागून सुटत जाणारं जाळं.)

दोराचं एक टोक किनाऱ्यावरच्या माणसांच्या हाती देऊन होडी निघते. पाण्यात मोठा अर्धगोल घेत जाते, जाळं वावावावानं सुटत राहतं आणि दुसरं टोक घेऊन होडी बरंच पुढे पुन्हा वाळूला लागते. आता दोन्हीकडे माणसांच्या रांगा. टाचा वाळूत रुतलेल्या, अंग मागे झोकलेलं. एकेक पाऊल मागे. रांगेतला शेवटचा माणूस दोर सोडतो, धावत पाण्याशी येतो आणि पुन्हा पहिला होऊन दोर धरतो. ओढता ओढता दोन्ही रांगा एकमेकींकडे सरकतात, तसतसं जाळ्याचं तोंड मिटत जातं. ओढणं ऐकायला सोपं. पण एका बाजूनं जोर जास्त झाला तर जाळं तिरकं येतं, घाई केली तर तळाची दोरी उचलली जाते आणि मासा खालून पसार. म्हणून तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, मधे उभा राहून दोन्ही रांगांवर ओरडत असतो. त्याच्या शिव्या या चित्रफितीत घेतलेल्या नाहीत.

जाळ्याचा शेवटचा भाग गुडघाभर पाण्यात येतो तेव्हा पाणी उकळायला लागतं. तारली, बांगडे, पेडवे, एखादी सुरमई, सुंगटं, म्हाकूल. फुगलेला केंड मासा पोरांच्या पायाखाली. वर घारी, खाली कुत्री, आणि टोपल्या घेऊन वाकलेल्या बायका, ज्यांना कुठल्या माशाला आज बाजारात काय भाव आहे हे तांडेलापेक्षा चांगलं ठाऊक असतं.

(दृश्य : वाळूवर माशांचे ढीग. लिलाव.)

एवढी माणसं लागतात म्हणूनच संघ झाला. एका घराच्या अंगात रापण ओढायची ताकद नसते, आणि पूर्वी एका घराच्या ऐपतीत एवढं जाळंही नसायचं. कित्येक ठिकाणी प्रत्येक घर जाळ्याचा आपापला तुकडा आणायचं. तुकडे जोडून एक रापण व्हायची आणि ज्याचा जेवढा तुकडा तेवढा त्याचा वाटा. आधी होडी आणि जाळं यांचा खर्च बाजूला, मग वाटणी. ज्याच्याकडे तुकडाही नाही त्याला ओढण्याचा वाटा. ओढायला आलेली म्हातारी माणसं, शेजारच्या घरातली पोरं, यांनाही कालवणापुरते मासे मिळायचे. या क्लबात प्रवेश फी एकच होती : दोराला हात लावणं.

याला गोडगोड एकी समजू नका. वाट्यावरून वाद होत, कुणाची रापण आधी सोडायची यावरून होत. पण उद्या पुन्हा त्याच दोराला त्याच माणसांनी हात लावायचा असल्यामुळे वाद मिटवावेच लागत.

जाळं तेव्हा सुताचं किंवा तागाचं. कुजू नये म्हणून झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवायचं. दोर काथ्याचे, भिजले की दुप्पट जड. नायलॉन आलं आणि निगराणीचं हे अर्धं काम संपलं. त्याच सुमारास ओढणारे हातही कमी होत होते. मुंबईच्या गिरण्यांनी कोकणातली तरणी पोरं कधीच उचलली होती. गणपतीला येणारा चाकरमानी चार दिवस दोर ओढून परत जायचा.

(दृश्य : नकाशा. मालवणहून खाली गोवा, कारवार, मंगळूर.)

खरा धक्का बसला तो दक्षिणेकडून. कर्नाटकच्या किनाऱ्यावर रापणीची मोठी बहीण आहे, रंपणी. बांगड्याचा मोठा हिस्सा तीच किनाऱ्यावर आणायची. १९७५-७६ च्या सुमारास तिथे व्यापारी पर्ससीन आले. खोल पाण्यातच थव्याला वेढा घालायचा, जाळ्याचा तळ पिशवीसारखा आवळायचा आणि सगळा थवा उचलायचा. किनाऱ्याला यायला मासा उरतोच कुठे? काही वर्षांत रंपणी जवळजवळ मोडीत निघाली. ती मोडायला कुणी तिच्यावर बंदी घातली नव्हती.

गोव्यात सत्तरच्या दशकात ट्रॉलर किनाऱ्याला चिकटून जाळी ओढू लागले तेव्हा रापणकार रस्त्यावर आले. माथानी साल्ढाणा हे त्यांचे नेते, पुढे ते गोव्याचे मंत्रीही झाले. मागणी साधी होती : किनाऱ्यालगतचा पट्टा यंत्राच्या होड्यांना बंद करा. या आंदोलनांच्या रेट्यातून १९७८ मध्ये पारंपरिक मच्छीमारांचा राष्ट्रीय मंच उभा राहिला, १९८० मध्ये गोव्याचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि १९८१ मध्ये महाराष्ट्राचा. योगायोग असा की सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हाही १९८१ सालचाच.

कायदा झाला, म्हणजे कागद झाला. गस्तीला बोट नाही, असली तर डिझेल नाही, आणि पकडलेल्याचं प्रकरण तहसीलदारापुढे. महसुलाच्या ढिगाऱ्यात मासळीचं प्रकरण कधी वर येणार! तोवर पर्ससीन महाराष्ट्रातही पसरले. परराज्यातले हायस्पीड ट्रॉलर रात्री आत घुसू लागले. मग समुद्रातच होड्या अडवणं, जाळी कापणं, हाणामाऱ्या, पोलीस केसेस. यात दोन्ही बाजूंना बऱ्याचदा गाववालेच होते, काही वेळा नातेवाईकही. पर्ससीनवाल्यानंही बँकेचं कर्ज काढूनच बोट बांधलेली असते, हे इथे सांगायला हवं. रापणकाराला ते माहीत असतं आणि तरीही तो भांडतो.

पर्ससीनच्या प्रश्नावर नेमलेल्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्यानं पर्ससीनवर निर्बंधांचा आदेश काढला. नवे परवाने बंद, असलेले टप्प्याटप्प्यानं १८२ पर्यंत खाली आणायचे, आणि मासेमारी फक्त १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर. मालवणात याचं स्वागत झालं. पण कॅलेंडर जरा नीट बघा. पावसाळा संपून तारली-बांगड्याचे थवे किनाऱ्याकडे येतात ते याच महिन्यांत. रापणीचा हंगाम आणि पर्ससीनचा परवाना, दोन्ही एकाच वेळी सुरू.

२०१७ मध्ये केंद्रानं एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आणली. रात्री पाण्यावर प्रखर उजेड पाडायचा, चारी बाजूंनी मासा ओढून घ्यायचा आणि उचलायचा, असा तो प्रकार. बंदीनंतरही रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते, ही किनाऱ्यावरची कायमची तक्रार. राज्याच्या कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनं एलईडीसाठी दंड पाच ते वीस लाखांवर नेला आणि निकालाचे अधिकार तहसीलदाराकडून मत्स्यव्यवसाय खात्याकडे दिले. जानेवारी २०२५ पासून किनाऱ्यावर ड्रोनही फिरू लागले.

(दृश्य : जाळ्यात अडकलेलं कासव. दोन माणसं दोरे कापताहेत.)

रापणीत कधी कधी ऑलिव्ह रिडले कासवही येतं. संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं तर सरकार पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कासव सुटतं लगेच, अर्ज मात्र फोटोसकट भरावा लागतो.

पर्यटन वाढलं तशी वाळूवर गर्दी झाली. पॅरासेलिंगचा दोर आणि रापणीचा दोर एकाच किनाऱ्यावर. काही संघांनी शहाणपण केलं. पाहुण्यांना ओढू देतात, तांडेल त्यांना रांगेच्या मधोमध घालतो, म्हणजे जाळं बिघडत नाही, आणि जाताना चार बांगडे हातावर. ओढणारे हात कमीच पडतात, त्यात पुण्याचे दोन आले तर नको कशाला? वाडीतली तरणी पोरं तर स्कूबाच्या बोटीवर कामाला आहेत, तिथे पगार ठरलेला असतो.

राहिला प्रश्न वाळूचा. समुद्र किनारा खातो आहे, वादळांत तर जास्तच. २०१९ चं क्यार, २०२१ चं तौक्ते, दोन्हींनी इथल्या होड्या-जाळ्यांचं नुकसान केलं. घरं वाचवायला दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे घातले जातात, आणि दगडांवर रापण ओढता येत नाही. घरासाठी बंधारा मागणारा आणि रापणीसाठी वाळू मागणारा माणूस देवबागसारख्या गावात एकच असतो. पहिल्या निवेदनात तो बंधारा मागतो, दुसऱ्या निवेदनात बंधाऱ्यात होडी आणि जाळं उतरवायला वाट ठेवा म्हणतो. दोन्ही निवेदनं एकाच टेबलावर जातात.