सिद्ध करायचं काम सरकारचं

नमस्कार श्रोतेहो.

10 ऑगस्ट 2025 च्या रात्री वॉशिंग्टनमधल्या एका गजबजलेल्या चौकात एका माणसाने केंद्र सरकारच्या सीमा सुरक्षा अधिकाऱ्याला तोंडावर शिव्या घातल्या आणि हातातलं सँडविच त्याच्या छातीवर फेकून मारलं. मग तो पळाला आणि पकडला गेला. हा माणूस अमेरिकेच्या न्याय खात्यातच नोकरीला होता. ती नोकरी गेली. सशस्त्र पथक त्याच्या घरी जाऊन त्याला पुन्हा घेऊन गेलं, त्याची चित्रफीत व्हाइट हाऊसने स्वतः प्रसारित केली. आणि आरोप ठेवला गेला तो फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्यावर हल्ला केल्याचा. शिक्षा 8 वर्षांपर्यंत.

6 नोव्हेंबरला 12 सामान्य नागरिकांच्या ज्युरीने त्याला निर्दोष ठरवलं.

या खटल्याची जगभर थट्टा झाली. मला मात्र तो फार गंभीर वाटतो. सँडविच फेकणं योग्य होतं असं मी म्हणत नाही. वर्दीतल्या माणसाच्या अंगावर काहीही फेकू नये. पण एवढा मोठा आरोप समोर आल्यावर बचाव कसा उभा राहतो, ते या खटल्यात स्वच्छ दिसलं. आपल्यापैकी किती जणांची मुलं, नातवंडं आज अमेरिकेत आहेत. तिथल्या रस्त्यांवर 2025 मध्ये फेडरल अधिकारी मोठ्या संख्येने उतरले, कित्येकदा तोंडावर मास्क लावून. तेव्हा हा कायदा आपण समजून घ्यायला हवा.

अमेरिकेच्या फेडरल दंडसंहितेतलं हे कलम 111. फेडरल अधिकारी म्हणजे फक्त बंदूकधारी एजंट नव्हेत. टपाल वाटणारा पोस्टमनही त्यात येतो. तो आपलं सरकारी काम करत असताना, किंवा त्या कामाचा राग धरून, त्याच्यावर बळाने हल्ला केला, त्याला प्रतिकार केला, धमकावलं किंवा अडवलं तर हे कलम लागतं. त्यात तीन पायऱ्या आहेत. साधा हल्ला असेल तर 1 वर्षापर्यंत कैद. अंगाला स्पर्श झाला असेल, किंवा दुसरा मोठा गुन्हा करायचा हेतू असेल, तर 8 वर्षांपर्यंत. घातक हत्यार वापरलं किंवा इजा झाली तर 20 वर्षांपर्यंत. म्हणून बचावाच्या वकिलाची पहिली लढाई बहुतेक वेळा पायरीवरून होते. 8 वर्षांवरचा माणूस 1 वर्षावर आला, तरी एका कुटुंबाचं आयुष्य वाचतं.

या माणसाच्या बाबतीत ती लढाई ग्रँड ज्युरीतच संपली. अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की मोठ्या फेडरल गुन्ह्याचं आरोपपत्र नागरिकांच्या ग्रँड ज्युरीने मान्य करायला हवं. तिच्यात 16 ते 23 माणसं असतात आणि किमान 12 जणांचा होकार लागतो. आत फक्त सरकारी वकील आणि त्यांचे साक्षीदार. आरोपीचा वकील तिथे नसतोच. त्यामुळे ग्रँड ज्युरी सहसा सरकार मागेल ते देते. इथे तिने नाही म्हटलं. त्याच उन्हाळ्यात त्याच शहरात दुसऱ्या एका महिलेच्या प्रकरणात तीन वेगवेगळ्या ग्रँड ज्युरींनी नकार दिला होता. मग सरकारने साध्या हल्ल्याचा, 1 वर्षाचा आरोप ठेवला. त्याला ग्रँड ज्युरी लागत नाही. पण शिक्षा 6 महिन्यांच्या वर जाऊ शकत असल्यामुळे खटल्याला ज्युरी मिळते.

आता कोर्टात काय घडलं ते पाहा. आपण सँडविच फेकलं हे आरोपीने घटनेनंतर लगेच कबूल केलं होतं, व्हिडिओही होता. खोटं बोलण्याचा प्रश्नच नव्हता. बचावाने विचारलं ते एवढंच, की कायदा ज्याला बळाने केलेला हल्ला म्हणतो तो हा आहे का? अधिकाऱ्याने साक्षीत सांगितलं की सँडविच अंगावर फुटलं, कांद्याचा आणि मोहरीचा वास आला. उलटतपासणीत त्याच्यापुढे घटनास्थळाचा फोटो ठेवला गेला. सँडविच जमिनीवर पडलेलं होतं, आणि ते अजून कागदात गुंडाळलेलं होतं. मग आणखी एक गोष्ट बाहेर आली. सहकाऱ्यांनी या अधिकाऱ्याला गंमत म्हणून कापडी सँडविच भेट दिलं होतं, आणि शिवून लावायचं एक चित्रही. ज्या गोष्टीची कार्यालयात थट्टा होते, तिने बुलेटप्रूफ जाकीट घातलेल्या माणसाला इजेची भीती वाटली असेल का? ज्युरीने दोन दिवस विचार केला आणि उत्तर दिलं.

मी स्वतः फौजदारी वकिली करतो. आरोपी घटना नाकारत नाही आणि तरीही सुटतो, तेव्हा लोक म्हणतात, वकिलाने कायद्यातली पळवाट काढली. मला हे मुळीच मान्य नाही. कलमातली प्रत्येक गोष्ट संशयाला जागा न ठेवता सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. ती पुरी झाली की नाही हे तपासणं, हाच बचाव.

आपल्याकडे ‘सरकारी कामात अडथळा’ म्हटलं की लोकांना 353 कलम आठवतं, आता ते न्याय संहितेत 132 झालंय. तिथेही हल्ला किंवा बळाचा वापर लागतोच. बंगळुरूच्या एका जोडप्याने वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर तक्रार लिहिली म्हणून त्यांच्यावर 353 लावलं होतं. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. अमेरिकेतही कॅलिफोर्निया वगैरे पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या अपील न्यायालयाने 2008 मध्ये सांगितलं की हुकूम न मानता अंग आखडून उभं राहणं एवढ्यावर हे कलम लागत नाही. बाकीच्या भागांतली अपील न्यायालयं या मुद्द्यावर एकमताची नाहीत, त्यामुळे कुठे अटक झाली याला महत्त्व येतं.

सगळ्यात अवघड प्रश्न साध्या कपड्यांतल्या अधिकाऱ्यांचा. समोरचा फेडरल अधिकारी आहे हे मला माहीतच नव्हतं, असं म्हणून सुटता येतं का? 1975 चा फिओला खटला यावरचा मुख्य निकाल आहे. काही जणांनी साखर हेरॉइन म्हणून खपवायचा, आणि ते जमलं नाही तर गिऱ्हाइकांना लुटायचा बेत केला होता. गिऱ्हाईक निघाले वेश बदललेले सरकारी एजंट. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, तो अधिकारी आहे हे माहीत असायलाच हवं असं नाही. तुम्ही लुटायलाच निघाला होता, समोर कोण निघालं हे तुमचं नशीब. पण त्याच निकालात एक दार उघडं ठेवलं आहे. ओळख न सांगता कुणी अंगावर आलं, आणि माणसाला प्रामाणिकपणे वाटलं की आपल्यावर गुंड चालून आलेत, तर त्याच्या मनात गुन्ह्याचा हेतूच नव्हता असं ठरू शकतं. अंधारात, बिनपाटीच्या गाडीतून, मास्क लावलेली माणसं उतरली तर हे दार फार मोलाचं आहे. ओळख कधी सांगितली, बिल्ला दिसत होता का, आधी हात कुणी घातला, हे सेकंदा-सेकंदाने तपासावं लागतं.

मात्र एक गैरसमज काढून टाका. अटक बेकायदा वाटली म्हणून झटापट करायचा हक्क आपल्याला आहे असं समजू नका. 1900 साली पाइन रिज या आदिवासी वसाहतीतल्या, सू जमातीच्या एका पोलिसाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा अटकेला प्रतिकार करण्याची सवलत मानली होती. आज तिच्यावर विसंबणं धोक्याचं आहे. रस्त्यावर हात उगारायचा नाही, भांडायचं ते कोर्टात.

व्हिडिओ दोन्हीकडून कापतो. 2025 मध्ये व्हिडिओ समोर आल्यावर काही खटले सरकारने स्वतःच मागे घेतले. पण 6 जानेवारी 2021 च्या कॅपिटॉलवरच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या इमारतीवरच्या, हल्ल्यातही शेकडो जणांना याच कलमाखाली पकडलं होतं. तिथे कित्येकांचा स्वसंरक्षणाचा दावा चित्रीकरणासमोर टिकला नाही. दोषी ठरलेल्यांना पुढे 20 जानेवारी 2025 ला राष्ट्राध्यक्षांनी माफी दिली, ती वेगळी गोष्ट. त्या जमावाबद्दल मला तिळमात्र सहानुभूती नाही, अधिकारी त्यात जबर जखमी झाले. तरीही त्यांचे वकील त्यांच्या बाजूने उभे राहिले, हे मला योग्यच वाटतं. आपल्याला आवडणाऱ्या आरोपीपुरता असेल तर तो बचावाचा हक्क कसला?

आता तिकडे व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असलेल्या आपल्या माणसांसाठी. फेडरल खटल्यांत बहुतेक आरोपी गुन्हा कबूल करून सौदा करतात, कारण हरलो तर शिक्षा मोठी होईल ही भीती. पण नागरिक नसलेल्या माणसाला हिंसेच्या गुन्ह्यात 1 वर्ष किंवा जास्त शिक्षा झाली, तर हद्दपारीचा धोका फार वाढतो. शिक्षा स्थगित ठेवली तरी ती मोजली जाते. तुरुंगात एक दिवस न काढलेला माणूसही देशाबाहेर जाऊ शकतो. कबुलीचा हद्दपारीवर काय परिणाम होईल हे वकिलाने अशिलाला सांगितलंच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये पॅडिया खटल्यात ठरवलं आहे. तेव्हा सही करण्याआधी हा प्रश्न थेट विचारायचा. वकील परवडत नसेल तर कोर्ट सरकारी खर्चाने देतं, आणि फेडरल डिफेंडर कार्यालयांतले वकील या कामात मुरलेले असतात.

अधिकाऱ्यांनी विचारपूस सुरू केली की आपली माणसं सगळं समजावून सांगायला बघतात. तसं करू नका. फेडरल एजंटला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे, 5 वर्षांपर्यंतचा. नुसतं गप्प बसण्यापेक्षा ‘मी शांत राहण्याचा हक्क वापरतो, मला वकील हवा’ असं स्पष्ट म्हणावं. घटनेच्या दिवशी घातलेले कपडे धुवू नयेत. फोनमधलं चित्रीकरण पुसू नये, जवळपासच्या दुकानाच्या कॅमेऱ्यातलं लवकर मागून घ्यावं, कारण ते काही दिवसांत आपोआप पुसलं जातं.

आणि कोठडीतून मुलाचा फोन आला, तर ‘काय झालं रे नेमकं?’ हे विचारू नका. ते फोन ध्वनिमुद्रित होतात आणि सरकारी वकील ते ऐकू शकतात. कोणत्या शहरात आहेस, वकील मिळाला का, औषधं चालू आहेत का, भारतीय दूतावासाला कळवायला सांगितलंस का, एवढंच विचारा. दूतावासाला कळवण्याचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारातून येतो, पण तो मागावा लागतो. बाकी सगळं वकिलासमोर.

नमस्कार.