‘दारूबिरू घेत नाही ना?’

(फॅमिली डॉक्टर आणि परिचारिकांच्या प्रशिक्षणवर्गातल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पेशंटला दारूबद्दल विचारताना तुमच्या तोंडून नेमके कोणते शब्द येतात, ते जरा आठवा. मी माझे सांगतो. कित्येक वर्षं मी विचारायचो, “दारूबिरू घेत नाही ना?” पेशंट म्हणायचा, “छे, छे.” मी केसपेपरवर ‘नाही’ लिहायचो आणि पुढच्या तक्रारीकडे वळायचो. त्याच माणसाला बीपीचा पट्टा बांधता बांधता आमच्या सिस्टर काहीबाही बोलत असत. नंतर मला सांगायच्या, “डॉक्टर, ते रोज घेतात.” मला ‘छे’ आणि त्यांना ‘रोज’. माणूस तोच, सकाळही तीच. माझ्या प्रश्नातच उत्तर होतं. पेशंटनं सभ्यपणे होकार दिला, इतकंच.

तेव्हा आज मी लिव्हरवर बोलणार नाही. लिव्हर तुम्हाला येतं. येत नाही ते विचारणं, आणि विचारल्यावर गप्प बसणं.

‘दारुडा’ म्हटलं की रस्त्यात पडलेला माणूस आपल्या डोळ्यांसमोर येतो. तसे पेशंट थोडे असतात. त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त लोक मधल्या पट्ट्यात असतात. नोकरी चालू आहे, कपडे इस्त्रीचे आहेत, पण तीन गोळ्या देऊनही बीपी खाली येत नाही. झोपेची तक्रार, सततची ॲसिडिटी, रक्ततपासणीत कारण नसताना वाढलेलं जीजीटी हे लिव्हरचं एन्झाइम. हा माणूस व्यसनमुक्ती केंद्राची पायरी चढणार नाही, बहुधा त्याला त्याची गरजही नसते. तो येतो तुमच्याकडे, तेही भलत्याच कारणासाठी.

म्हणून पहिली सवय अशी लावून घ्या, की सगळ्यांना विचारायचं. ज्याच्या तोंडाला वास येतो त्यालाच विचारलं तर तो आरोप होतो. वजन, बीपी, तंबाखू, दारू असं ओघात विचारलं तर ती तपासणी होते. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनं सहा देशांत अभ्यास करून तयार करवून घेतलेली ‘ऑडिट’ नावाची प्रश्नावली आहे. (नाव ऐकून हिशेबतपासणीस आठवतो. पेशंटला हे नाव सांगू नका.) दहा प्रश्न, 0 ते 40 गुण. 8 किंवा जास्त गुण झाले की काळजीनं बोलायला हवं. 20 किंवा जास्त गुण असतील तर माणूस दारूवर अवलंबून असण्याची शक्यता धरून नीट तपासायचं. घाई असेल तर पहिले तीन प्रश्न पुरतात: किती वेळा, एका वेळी किती, आणि एका बैठकीत सहा किंवा जास्त पेग किती वेळा होतात.

आता ‘पेग’ म्हणजे किती? मागच्या एका वर्गात मी सगळ्यांना ग्लासात पाणी ओतून अंदाजानं छोटा पेग भरायला सांगितला आणि मग मापून पाहिलं. 30 मिलीचा पेग कोणाचाच निघाला नाही. एकाचा तर 70 मिली भरला, आणि तो डॉक्टर होता. 40 टक्के दारूच्या 30 मिलीत साधारण साडेनऊ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 750 मिलीच्या बाटलीत असे पंचवीस पेग. तेव्हा “दोनच घेतो” हे उत्तर लिहून घेण्याआधी, बाटली किती दिवस पुरते ते विचारा. ते उत्तर जास्त खरं असतं.

एवढ्यानं फरक पडतो का? कॉक्रेन ही संस्था जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासते. तिच्या 2018 च्या आढाव्यात दवाखान्यातल्या थोडक्यात दिलेल्या सल्ल्याचे 69 अभ्यास तपासले होते. वर्षभरानं सल्ला मिळालेले लोक इतरांपेक्षा आठवड्याला सुमारे 20 ग्रॅम कमी पीत होते. म्हणजे दोन छोटे पेग. थोडं वाटतं खरं. पण लांबलचक समुपदेशनाचाही त्याहून फारसा जास्त फायदा दिसला नाही. इंग्लंडमधल्या एका मोठ्या चाचणीत तर ‘तुमचं पिणं धोक्याचं आहे’ एवढं सांगून माहितीपत्रक हातात देणं आणि पाच मिनिटं सल्ला देणं यांत फरकच निघाला नाही. माझा तर्क असा, की कोणीतरी नीट विचारलं, यातच थोडं काम होऊन जातं.

आणि ते बिघडवतोही आपणच. पेशंट म्हणतो, “दिवसभर डोकं इतकं तापतं, घेतल्याशिवाय झोप येत नाही.” आपण लगेच, “अहो, त्यानंच तर झोप बिघडते! मुलांचा तरी विचार करा.” झालं. पुढचं वाक्य ठरलेलं: “रोज नाही हो, आणि लिव्हरचा रिपोर्ट नॉर्मल आहे.” तुम्ही दारूविरुद्ध वकीलपत्र घेतलंत की पेशंटला तिच्या बाजूनं उभं राहावंच लागतं. चुकलेलं दिसलं की दुरुस्त करायला धावायचं, ही आपली खोड. मिलर आणि रोलनिक या मानसशास्त्रज्ञांनी बोलण्याची जी पद्धत बसवली, तिची सुरुवात ही खोड आवरण्यापासून होते.

याऐवजी म्हणा, “म्हणजे झोपेसाठी घेता. मग लागते का चांगली?” आणि थांबा. हे पाच सेकंद डॉक्टरांना फार जड जातात. सिस्टरांना कमी, कारण त्यांचे हात कामात असतात. पेशंट म्हणतो, “लागते, पण तीनला जाग येते.” “मग?” “मग पडून राहतो.” आता विचारा, “दारू आणि झोप यांबद्दल थोडं सांगू का?” तो ‘सांगा’ म्हणेल तेव्हाच सांगा.

एका ठिकाणी मात्र मी कडक आहे. “आजपासून पूर्ण बंद!” असं रोज भरपूर पिणाऱ्याला परस्पर सांगू नका. एकदम बंद केल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून थरथर, भास, गोंधळ सुरू होऊ शकतो आणि त्यात माणूस दगावतोही. पाय मोडून दाखल झालेला पेशंट दुसऱ्या रात्री सलाइन उपटायला लागला, तर ते आधी सिस्टरांना दिसतं. तेव्हा त्याला ‘त्रासदायक पेशंट’ म्हणू नका, डॉक्टरांना उठवा. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी थायामिन, म्हणजे व्हिटॅमिन बी-1, हे भिंतीवर लिहून ठेवा. आणि दारू सोडवण्यासाठीची डायसल्फिरामची गोळी पेशंटच्या नकळत जेवणात कालवायला घरच्यांना सांगणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. ती गोळी पोटात असताना तो प्यायला तर जिवावर बेतू शकतं. दारू सोडायला मदत करणारी दुसरी औषधं आहेत, नाल्ट्रेक्सोन आहे, अकॅम्प्रोसेट आहे, पण जे काही द्यायचं ते त्याला सांगून.

आता समोरच्या कागदावर ते दहा प्रश्न आहेत. आधी स्वतःसाठी भरा. गोळा करणार नाही, घडी घालून खिशात ठेवा. मग जोड्या करा, एक डॉक्टर आणि एक सिस्टर. या फेरीत डॉक्टर पेशंट होतील. सिस्टर, पट्टा बांधायला घ्या आणि विचारा.