झोप येत नसेल तर अंथरुणातून उठा

नमस्कार श्रोतेहो. दिवसाची कामं उरकून तुम्ही आत्ता रेडिओ लावून बसला असाल. तुमच्यापैकी काही जणांच्या मनात मात्र आत्तापासूनच एक धास्ती सुरू झाली असेल. थोड्या वेळाने दिवा मालवायचा, उशीला डोकं टेकायचं आणि मग कालच्यासारखंच टक्क जागं पडून राहायचं. आज मला बोलायचं आहे ते त्यांच्याशी.

दवाखान्यात कुणी ही तक्रार घेऊन आलं की मी आधी विचारते, "अंथरुणावर किती वाजता पडता?" पुष्कळदा उत्तर येतं, "नऊ-साडेनऊला. झोप लागतच नाही ना डॉक्टर, म्हणून लवकर पडतो. निदान अंगाला विसावा तरी." ऐकायला हे अगदी शहाणपणाचं वाटतं. घरातले लोकही हाच सल्ला देतात. पण आजारपण, घरातलं लग्न, मुलाची परीक्षा, कुणाचं जाणं अशा कारणांनी चार दिवस उडालेली झोप पुढे वर्षभर उडालेलीच राहते, ती बऱ्याच वेळा या लवकर पडण्यामुळे. का, ते सांगते.

झोप येते ती दोन गोष्टी जुळून आल्यावर. पहिली म्हणजे जागेपणाची साठवण. सकाळी डोळे उघडल्यापासून आपल्या मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो. जितके जास्त तास जागे, तितका तो जास्त आणि तितकी डोळ्यांवर पेंग जास्त. झोपेत तो ओसरतो. याला झोपेची भूक म्हणायला हरकत नाही. "भुकेला कोंडा, निजेला धोंडा" हे आपण म्हणतो ना, ते या खऱ्या भुकेबद्दलच. दुपारी जेवून दोन तास ताणून दिली, संध्याकाळी टीव्हीसमोर आणखी एक डुलकी काढली, तर सहा वाजता पोटभर चिवडा खाल्ल्यासारखं होतं. रात्रीच्या पानावर भूक उरत नाही. दुपारची वामकुक्षी ज्यांना सोडवत नाही त्यांनी ती तीनच्या आत आणि वीसेक मिनिटांत आटपावी. ज्यांना रात्री झोप लागतच नाही त्यांनी ती काही आठवडे सोडूनच द्यावी.

दुसरी गोष्ट म्हणजे शरीरातलं घड्याळ. दोन्ही डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या अगदी वरच्या बाजूला पेशींचा एक छोटासा पुंजका आहे. शरीराचं तापमान केव्हा उतरायचं, झोपेची वर्दी देणारं मेलाटोनिन केव्हा पाझरायचं, हे तो ठरवतो. हे घड्याळ किती हट्टी असतं याची एक गोष्ट मला फार आवडते. १९३८ साली शिकागो विद्यापीठातले संशोधक नॅथॅनिएल क्लाइटमन आणि त्यांचे तरुण विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघं अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाच्या अफाट गुहेत ३२ दिवस राहिले. आत सूर्य नाही, आवाज नाही, थंडी मात्र कायमची. त्यांनी आपला दिवस २४ ऐवजी २८ तासांचा करून पाहिला. रिचर्डसनच्या शरीराने नवा दिवस हळूहळू मान्य केला. चाळिशी ओलांडलेल्या क्लाइटमन यांच्या शरीराने केला नाही. त्यांचं तापमान जुन्याच २४ तासांच्या फेऱ्याने चढत-उतरत राहिलं. दोन माणसांवरून नियम बांधता येत नाही, पण सूर्य दिसत नसतानाही हे घड्याळ चालू राहतं, हे त्यातून लख्ख दिसलं. पुढे पेशींच्या आत हे घड्याळ नेमकं कसं चालतं ते शोधणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चं नोबेल पारितोषिक मिळालं.

आपल्या कामाचा भाग असा, की हे घड्याळ रात्री हुकूम देऊन लावता येत नाही. ते लावायचं सकाळी. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की दिवस सुरू झाल्याची नोंद त्या पुंजक्यात होते आणि रात्रीची वेळ त्यावरून ठरते. म्हणून माझं पहिलं सांगणं रात्रीबद्दल नाहीच. उठण्याची एक वेळ ठरवा आणि रात्र कशीही गेली तरी त्याच वेळेला उठा, रविवारीसुद्धा. उठल्यावर अंगणात, गच्चीत, गॅलरीत, निदान खिडकीशी अर्धा तास काढा. चहा तिथे घ्या, पेपर तिथे वाचा, भाजी तिथे निवडा. रात्री झोप झाली नाही म्हणून सकाळी नऊपर्यंत लोळलात, तर त्या रात्री झोप आणखी उशिरा येणार.

मला ठाऊक आहे, हे सगळ्यांच्या हातात नाही. शेतीपंपाला रात्रीची वीज आली की बारा वाजता बॅटरी घेऊन दारं धरायला जावंच लागतं आणि पुढच्या आठवड्यात तीच वीज दिवसा येते. मुक्कामी एसटीवरचे चालक-वाहक, रात्रपाळीच्या परिचारिका, कारखान्यातले कामगार, यांच्या घड्याळाची ओढाताण त्यांनी मागितलेली नाही. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळणं हा मला तरी त्याच्या तब्येतीचाही प्रश्न वाटतो. अशा श्रोत्यांनी एवढं करावं, की पाळीवरून आल्यावर खोली जितकी अंधारी करता येईल तितकी करून झोपावं, आणि पाळी नसेल तेव्हा उठण्याची वेळ धरून ठेवावी.

आता अंथरुणाकडे वळू. आपल्या जुन्या घरांत सकाळी उठल्याबरोबर अंथरुणाची वळकटी करून कोपऱ्यात ठेवायची पद्धत होती. जागेची अडचण हे त्याचं कारण, पण झोपेच्या दृष्टीने ती सवय फार मोलाची होती. अंथरूण पसरलं की झोपायचं, एवढाच त्याचा अर्थ शरीराला माहीत होता. आता पलंग दिवसभर मांडलेला असतो. त्यावर बसून जेवण होतं, मुलं अभ्यास करतात, मोबाइल तिथेच, घरखर्चाचा हिशेब तिथेच, भांडणंही तिथेच. आणि झोप न येणारा माणूस तर रात्रीचे तीन-तीन तास त्याच जागेवर कूस बदलत काळजी करत असतो. असे काही आठवडे गेले की ती गादी, ती उशी म्हणजे जागं राहण्याचं ठिकाण अशी शरीराची समजूत होऊन बसते. बाहेर खुर्चीत पेंगणारा माणूस आत जाऊन आडवा झाला की खडबडून जागा होतो, हा अनुभव तुमच्यापैकी अनेकांना असेल.

रिचर्ड बूटझिन नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये यावर उपाय मांडला आणि आजही तो या उपचाराचा कणा आहे. डोळे मिटायला लागल्याशिवाय अंथरुणावर जायचं नाही. गेल्यावर अंदाजे पंधरा-वीस मिनिटांत झोप लागली नाही, तर उठायचं. मिनिटं मोजायची नाहीत. उलट घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत. उठून मंद उजेडात काहीतरी संथ काम करायचं. कपड्यांच्या घड्या, जपमाळ, जुनं मासिक. पेंग आली की परत जायचं. पुन्हा झोप नाही, तर पुन्हा उठायचं. एका रात्रीत चार वेळा उठावं लागलं तरी चालेल.

इथे कुणी म्हणेल, "दहा बाय दहाची खोली आमची, शेजारी मुलं झोपलेली, उठून जाऊ कुठे?" कुठेही जायला नको. अंथरुणावरून उतरून भिंतीला टेकून बसा, ओट्यापाशी पाट टाकून बसा. जाग आणि झोपेची जागा यांची ताटातूट झाली की झालं.

याच्याही पुढचा एक उपाय आहे. अमेरिकेतल्या आर्थर स्पीलमन यांनी तो १९८७ मध्ये मांडला. समजा तुम्ही साडेनऊला पडता, सहाला उठता, म्हणजे साडेआठ तास अंथरुणावर, आणि खरी झोप होते सहा तास. तर मग अंथरुणावर सहाच तास जा. बाराला पडा, सहाला उठा. पहिला आठवडा फार जड जातो. दिवसा डोळे चुरचुरतात, चिडचिड होते. पण झोपेची भूक इतकी साचते की पडल्या-पडल्या डोळा लागू लागतो. असं सलग जमलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं आधी पडायचं. साडेपाच तासांपेक्षा खाली मात्र कुणीही जाऊ नये. फिट्स येणाऱ्यांनी, मनाचे तीव्र चढ-उतार असणाऱ्यांनी, वाहन किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी आणि म्हाताऱ्या माणसांनी हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही.

खाण्यापिण्याचं थोडक्यात सांगते. चहा-कॉफीतलं कॅफीन त्याच ॲडेनोसिनची वाट अडवतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात. तेव्हा शेवटचा चहा दुपारी तीनचा. दारूने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात. आणि बायकांना विशेष सांगायचं आहे ते मशेरीबद्दल. निजण्याआधी मशेरी लावायची सवय आपल्याकडे अनेक घरांत आहे. ती भाजलेली तंबाखू आहे, आणि त्यातलं निकोटिन मेंदूला जागं ठेवतं. झोपेच्या तासभर आधी कोमट पाण्याने अंघोळ केली तर मात्र फायदा होतो. कातडीकडे रक्त येतं, आतलं तापमान उतरतं आणि झोपेला तेच हवं असतं.

डोक्यातल्या विचारांचं काय? "विचार करू नका" असं कुणाला सांगून विचार थांबत नाहीत. त्यापेक्षा संध्याकाळी एक वही घ्या आणि उद्या काय काय करायचं आहे ते लिहून काढा. सोसायटीचा हप्ता, खतांची चौकशी, आईची तपासणी. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांवर हा प्रयोग झाला. झोपण्याआधी पाच मिनिटं उद्याच्या कामांची यादी लिहिणारे, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सुमारे नऊ मिनिटं आधी झोपले.

गोळ्यांबद्दल मी स्पष्ट बोलणार आहे. शेजारणीला लागू पडलेली झोपेची गोळी मागून घेऊ नका. अल्प्राझोलामसारख्या गोळ्या चिठ्ठीशिवाय विकायला कायद्याने बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. त्यांची सवय लागते. म्हातारी माणसं त्या गुंगीत रात्री पडतात आणि खुब्याचं हाड मोडून बसतात. पण वर्षानुवर्षं अशी गोळी घेत असाल तर आज हे ऐकून उद्या एकदम बंद करू नका, त्यानेही धोका होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू उतरवा. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं, की मोठ्या माणसांच्या जुन्या निद्रानाशाला पहिला उपचार गोळी नव्हे, तर मी आत्ता सांगितलेल्या सवयी आणि विचारांची दिशा बदलण्याची पद्धत.

आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री झोप लागत नसेल, आणि असं तीन महिने चालू असेल, तर डॉक्टरांकडे जाच. त्याआधीही जायचं ते पुढच्या खुणा दिसल्या तर. मोठ्याने घोरणं, घोरता घोरता श्वास अडकणं आणि दिवसा बसल्या जागी झोप लागणं. पडल्यावर पायांत वळवळ होणं आणि पाय हलवल्याशिवाय चैन न पडणं. यात अनेकदा अंगातलं लोह कमी झालेलं असतं, गरोदर बायकांत तर नेहमीच तपासावं. झोपेबरोबर भूक, उमेद, माणसांत मिसळावंसं वाटणंही गेलं असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर रात्री कितीही वाजता १४४१६ हा क्रमांक फिरवा. ही केंद्र सरकारची टेली मानस सेवा आहे. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद बरोबर न्या. कधी पडलात, अंदाजे कधी झोप लागली, किती वेळा उठलात, कधी उठलात, दुपारी झोपलात का, चहा किती झाला, गोळी घेतली का. ही नोंद रात्री नाही, सकाळी उठल्यावर लिहायची. नमस्कार.