डेस्कटॉप वायरीवर, प्रिंटर वायफायवर: डोंगल न घेता प्रिंट कशी काढायची

[टेबलावर डेस्कटॉप, मागच्या कपाटावर प्रिंटर. बोलणारा समोर बसलेला.]

नमस्कार मंडळी!

घरात डेस्कटॉप आहे. त्याला नेट येतं ते लॅन केबलने, वायफाय त्यात मुळातच नाही. आता नवीन प्रिंटर आणलाय आणि तो आहे वायफायवाला. मुलीचं प्रोजेक्ट उद्या द्यायचंय, सोसायटीची नोटीस काढायचीय, आणि दुकानदार सांगतो, "कॉम्प्युटरला वायफाय नाही ना, मग यूएसबीला लावायचा वायफाय डोंगल घ्यावा लागेल."

थांबा. डोंगल घेऊ नका. या कामाला त्याची गरजच नाही, आणि का नाही ते एकदा कळलं की पुढचं सगळं सोपं आहे.

प्रिंटर तुमच्या कॉम्प्युटरशी थेट बोलत नाही, तो राउटरशी बोलतो. कॉम्प्युटरही राउटरशीच बोलतो. एक वायरीने, दुसरा हवेतून, एवढाच फरक. सोसायटीला दोन गेट असतात, एक मेन रोडला आणि एक मागच्या गल्लीत. कुठल्याही गेटने आत आलात तरी कंपाउंड एकच. घरच्या राउटरचं तसंच आहे. मागचे लॅन पोर्ट आणि त्याचं वायफाय मिळून एकच नेटवर्क होतं.

[राउटरची मागची बाजू जवळून. बोट एका पोर्टवर.]

हे बघा. हा वेगळ्या रंगाचा एकटा पोर्ट म्हणजे वॅन, बाहेरून नेट येतं ते इथे. शेजारचे हे लॅन. डेस्कटॉपची केबल या लॅनपैकी एकात आहे ना, एवढं आधी बघून घ्या.

एका बाबतीत मात्र गोंधळ होतो. नवा प्रिंटर चालू केला की मोबाइलच्या वायफाय यादीत एक नवीन नाव दिसतं, बहुतेक वेळा 'डायरेक्ट' या शब्दाने सुरू होणारं. ते प्रिंटरचं स्वतःचं वायफाय, राउटरला बाजूला ठेवून जोडायला दिलेलं. तिथे जायचं तर मात्र डेस्कटॉपला वायफाय लागेल. आपण त्या वाटेने जाणारच नाही.

आणि प्रिंटर कॉम्प्युटरच्या शेजारीच राहणार असेल, मोबाइलवरून प्रिंट कोणालाच नको असेल, तर सरळ यूएसबी केबल लावा. त्यात काहीही कमीपणा नाही. प्रिंटरला मागे लॅनचा पोर्ट असेल आणि तो राउटरजवळ ठेवता येत असेल, तर केबलच टाका. माझी पहिली पसंती नेहमी केबलला.

बाकीच्यांसाठी पुढे. आधी प्रिंटर राउटरला जोडायचा. स्क्रीन असेल तर सेटिंगमध्ये जाऊन वायफायचं नाव निवडा, पासवर्ड टाका, झालं. स्क्रीन नसेल तर कंपनीचं अ‍ॅप मोबाइलवर घ्या. अ‍ॅप नको असेल तर डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता बटणाने जोडणं: प्रिंटरवरचं वायफायचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरा आणि दोन मिनिटांच्या आत राउटरवरचं डब्ल्यूपीएस बटण दाबा. राउटर फक्त डब्ल्यूपीए३ या नव्या सुरक्षा प्रकारावर ठेवला असेल तर हे बटण चालत नाही, तेव्हा सेटिंग डब्ल्यूपीए२ किंवा मिश्र करून घ्या.

इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात. घरात वायफायची दोन नावं असतात, एक साधं आणि एक '५जी' लावलेलं. बरेचसे घरगुती प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्यांना ते ५जीवालं नाव दिसतच नाही. आपण म्हणतो प्रिंटर खराब आहे. तो खराब नाही. त्याला साधं नाव द्या. डेस्कटॉप वायरीवर असल्यामुळे प्रिंटर कुठल्या नावावर आहे याने त्याला काहीच फरक पडत नाही. फक्त 'गेस्ट' नेटवर्कवर टाकू नका. पाहुण्यांसाठी केलेलं ते नेटवर्क घरच्या बाकी यंत्रांपासून मुद्दाम तोडलेलं असतं.

ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये राहणाऱ्यांसाठी एक सांगतो. वरचे, खालचे, समोरचे, सगळ्यांचे राउटर २.४ वर गर्दी करतात. या पट्ट्यात एकमेकांना न अडवणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. प्रिंट अर्ध्यात अडकत असेल तर राउटरमध्ये जाऊन या तिघांपैकी कमी गर्दीचा निवडा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम. प्रिंटरकडून त्याचं नेटवर्कचं पान छापून घ्या. बहुतेक प्रिंटरना मेन्यूमधून किंवा एखादं बटण दाबून धरून ते निघतं, कुठलं बटण ते मॅन्युअलमध्ये असतं.

[छापलेलं पान कॅमेऱ्यासमोर. दोन ओळींखाली पेनाने रेघ.]

यावर खूप काही लिहिलंय, पण आपल्याला दोनच ओळी हव्यात. ही आयपी अ‍ॅड्रेस, म्हणजे नेटवर्कमधला प्रिंटरचा पत्ता: १९२.१६८.१.२३. आणि ही मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे प्रिंटरचा कायमचा ओळख क्रमांक: दोन-दोनच्या जोड्यांत बारा आकडे-अक्षरं. दोन्हींखाली रेघ मारा आणि पान प्रिंटरखालीच ठेवा. आयपी १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून प्रिंटरला पत्ताच मिळालेला नाही. जोडणी पुन्हा करा, पुढे जाऊ नका.

आता डेस्कटॉपवर. स्टार्ट दाबा, सीएमडी टाइप करा, काळी खिडकी उघडेल. त्यात पिंग, एक स्पेस आणि प्रिंटरचा आयपी लिहून एंटर.

[काळी खिडकी पूर्ण पडद्यावर.]

'रिप्लाय फ्रॉम' आलं की लोक खूश होतात. पण ती ओळ पूर्ण वाचा. रिप्लाय फ्रॉमच्या पुढे प्रिंटरचाच आयपी हवा आणि शेवटी किती मिलिसेकंद लागले ते हवं. तिथे तुमच्याच कॉम्प्युटरचा आयपी असेल आणि पुढे 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल' असेल, तर प्रिंटर सापडलेला नाही.

उत्तर नीट आलं? मग विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, प्रिंटर्स अँड स्कॅनर्स, अ‍ॅड डिव्हाइस. यादीत नाव आलं तर अ‍ॅड करा. नाही आलं तर थोडा वेळ थांबा, खाली 'अ‍ॅड मॅन्युअली' येतं. तिथे आयपी अ‍ॅड्रेसने जोडायचा पर्याय घ्या, प्रकार टीसीपी/आयपी डिव्हाइस, आणि कागदावरचा आयपी टाका. यादीतून आपोआप जोडलेल्या प्रिंटरपेक्षा असा हाताने जोडलेला मला जास्त भरवशाचा वाटतो. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला प्रिंटर चालवायला लागणारं सॉफ्टवेअर, कंपनीच्या साइटवरूनच घ्या, भलतीकडून नको. टेस्ट पेज काढा.

प्रिंट आली? छान. पण काम संपलेलं नाही. पावसाळ्यात लाइट जाते, दहा मिनिटांनी येते. राउटर नव्याने सुरू होतो आणि घरातल्या सगळ्यांना परत पत्ते वाटतो. मोबाइल आधी उठतात, टीव्ही उठतो, आणि काल २३ नंबरवर असलेल्या प्रिंटरला आज २७ मिळतो. विंडोज मात्र २३ चंच दार ठोठावत बसतं आणि तुम्हाला 'ऑफलाइन' दाखवतं. मग लोक ड्रायव्हर काढतात, पुन्हा टाकतात, शेवटी कंटाळून झेरॉक्सवाल्याकडे जातात. इतका चांगला प्रिंटर या एका गोष्टीपायी धूळ खात पडतो, हे बघून मला खरंच वाईट वाटतं.

उपाय राउटरमध्ये आहे. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, राउटरच्या खालच्या स्टिकरवर असतो. लॅन किंवा डीएचसीपीच्या, म्हणजे पत्ते वाटण्याच्या, पानावर 'अ‍ॅड्रेस रिझर्व्हेशन' शोधा, काही ठिकाणी त्यालाच 'स्टॅटिक डीएचसीपी' म्हणतात. तिथे कागदावरचा मॅक आणि आयपी लिहा, सेव्ह करा. आता लाइट कितीही वेळा जाऊ दे, प्रिंटरला तोच नंबर मिळेल.

राहिली दोन राउटरची घरं. नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोलीला सिडकोच्या बैठ्या घरांवर वर मजला चढवलेला असतो. खाली फायबरवाल्याचा राउटर, वर रेंज येत नाही म्हणून आपण आणलेला दुसरा. डेस्कटॉप वर, प्रिंटर खाली, आणि प्रिंटर काही केल्या यादीत येत नाही. कारण वरच्या राउटरने स्वतःचं वेगळं नेटवर्क केलंय. प्रिंटर शोधायला कॉम्प्युटर जी हाक मारतो, ती वरच्या राउटरच्या बाहेर जातच नाही. दोघांचे पत्ते वेगळ्या मालिकेतले असतील, म्हणजे खाली १९२.१६८.१ आणि वर १९२.१६८.०, तर हाताने आयपी टाकून प्रिंट निघूही शकते. प्रिंटर वर आणि कॉम्प्युटर खाली असेल तर तेही नाही.

म्हणून वरच्या राउटरमध्ये जाऊन 'अ‍ॅक्सेस पॉइंट मोड' चालू करा, मग तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढे पसरवतो. हा पर्याय नसेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, त्याचा स्वतःचा आयपी खालच्याच मालिकेतला पण दुसऱ्या कोणाला न दिलेला ठेवा, आणि खालून आलेली केबल वॅनमधून काढून लॅनमध्ये लावा. घर एका नेटवर्कवर आलं की वर-खाली कुठेही ठेवा, प्रिंटर सापडतो.

आणि उद्या फायबरवाला बदललात, नवा राउटर आला, तर त्याला वायफायचं जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या, कॅपिटल-स्मॉलसकट अगदी तेच. प्रिंटर आपण होऊन जोडला जाईल. रिझर्व्हेशन मात्र नव्या राउटरवर पुन्हा करावं लागेल. आणि पत्त्यांची मालिकाच बदलली असेल तर विंडोजमध्ये प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्स, कॉन्फिगर पोर्ट इथे जाऊन नवा आयपी टाका. ड्रायव्हरला हात लावायची गरज नाही.