कपाटाची चावी कोणाकडे?

लघु माहितीपटाचं निवेदन: चांगलं हॉस्पिस (बरा न होणारा आजार असलेल्यांचं दुखणं अखेरपर्यंत सांभाळणारी जागा) कसं ओळखावं

(दृश्य: नीमचजवळचं अफूचं शेत. पांढरी फुलं, वर ताणलेली जाळी. पोपटांचा थवा.)

मध्य प्रदेशातलं नीमच. फेब्रुवारी संपत आलाय. शेतावर ही जाळी कशासाठी, तर पोपटांसाठी. अफूच्या बोंडांची चटक लागलेले पोपट देठ कुरतडून अख्खं बोंड घेऊन उडतात. एरवी दोन कणसं पाखरांनी खाल्ली तर शेतकरी हरकत घेत नाही. इथे घ्यावी लागते. या पिकाचा हिशेब केंद्र सरकारला द्यायचा असतो. परवाना केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचा, जमीन मोजून दिलेली, आणि गावात देखरेखीला लंबरदार.

(दृश्य: क्लोजअप. बोंडावर चिरा पडतात. चिकाचा थेंब.)

दुपारच्या उन्हात बोंडाला उभ्या चिरा द्यायच्या. हत्यार एवढंसं, बारीक पात्यांचं. हात हलका हवा. चीर खोल गेली की चीक आतच झिरपतो आणि बोंड वाया जातं. रात्रभर चीक पाझरतो. सकाळपर्यंत पांढऱ्याचा तपकिरी होतो. ऊन चढायच्या आत तो खरवडून डब्यात घ्यायचा. काही दिवसांनी त्याच बोंडाला पुन्हा चीर, पुन्हा खरवड.

(दृश्य: वजनकाटा. डबे. रांगेत बसलेले शेतकरी.)

हा सगळा चीक सरकार विकत घेतं. नीमच आणि गाझीपूर इथल्या सरकारी कारखान्यांत त्यातून मॉर्फिन, तीव्र वेदना शमवणारं औषध, वेगळं काढलं जातं. पुढे औषध कंपन्या त्याची गोळी बनवतात. दहा मिलिग्रॅमची एक गोळी बोटाच्या पेरावर मावते.

कुठलं हॉस्पिस चांगलं हे सांगायला आम्ही अफूच्या शेतात का आलो, असं कोणीही विचारेल. या शेतापासून पेशंटच्या जिभेपर्यंत गोळी पोचते की नाही, आमच्या मते हॉस्पिसची पहिली परीक्षा तीच.

(दृश्य: हॉस्पिसचा कॉरिडॉर. संध्याकाळ. स्लिपरांचा आवाज.)

नाव आणि चेहरे दाखवायचे नाहीत, या अटीवर इथे कॅमेरा आत घेता आला. त्यामुळे पुढे तुम्हाला हातच जास्त दिसतील.

(दृश्य: भिंतीतलं लोखंडी कपाट. दोन कुलपं. सिस्टरचे हात.)

रात्रीचे दहा. सिस्टरच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा. कपाटाला बाहेरून एक कुलूप, आतल्या कप्प्याला दुसरं. आत गोळ्यांच्या पट्ट्या आणि जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर. त्यात रकाने आहेत. तारीख, वेळ, पेशंटचा नंबर, किती गोळ्या काढल्या, किती दिल्या, किती शिल्लक. शेवटी दोन सह्या, देणाऱ्याची आणि पाहणाऱ्याची. सिस्टर पट्टी मोजतात. मावशींना बोलावून पुन्हा मोजतात. मगच पट्टी फाडली जाते.

(दृश्य: रजिस्टरचं पान. वेळेच्या रकान्यावरून बोट फिरतं.)

आता नजर ‘वेळ’ या रकान्यावर ठेवा. सहा. दहा. दोन. सहा. दहा. तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो, म्हणून गोळी दर चार तासांनी. दुखायला लागल्यावर नव्हे, घड्याळ बघून. रात्री दहाची मात्रा बहुतेकदा दुप्पट देतात, म्हणजे मध्यरात्री दोनला झोपमोड करावी लागत नाही. याखेरीज मधेच कळ उठली तर द्यायची जादा मात्रा लिहून ठेवलेली असते. या पानावर रात्री तीन वाजून दहा मिनिटांनी अशी एक नोंद आहे. तीन दहा. म्हणजे तीन वाजता इथे कोणीतरी जागं होतं, त्याच्याकडे चावी होती, आणि डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेल्या सूचनेवर त्याला गोळी देता आली.

अशी नोंद पाहायला मिळाली तर पुढचं माहितीपत्रक वाचलं नाही तरी चालेल.

(दृश्य: वेगवेगळ्या संस्थांची माहितीपत्रकं टेबलावर. नावं झाकलेली. बाग, कारंजं, हसरे आजी-आजोबा.)

माहितीपत्रकात बाग असते. एसी, टीव्ही, लिफ्ट, ‘घरासारखं वातावरण’. भिंतीवर नर्सिंग होमच्या नोंदणीचं प्रमाणपत्र असतं. ते बघावंच, न लाजता. पण दुखणं थांबतं की नाही हे प्रमाणपत्रावरून कळत नाही. हल्ली शहरात वृद्धाश्रमही स्वतःला हॉस्पिस म्हणवतो आणि चार खाटांचं केअर सेंटरही. पाटी रंगवायला कोणाची परवानगी लागत नाही.

मॉर्फिन ठेवायला मात्र लागते.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. लंडन. पांढऱ्या कोटातली स्त्री खाटेशेजारी.)

इथे थोडं मागे जायला हवं. डेम सिसिली साँडर्स. आधी नर्स, मग समाजसेविका, आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून पुढे डॉक्टर. 1967 मध्ये त्यांनी दक्षिण लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू केलं. घड्याळ लावून तोंडावाटे मॉर्फिन द्यायची पद्धत त्यांनी तिथे रुजवली, तिचे परिणाम नोंदवले, आणि जगाला दाखवून दिलं की मॉर्फिन नीट मात्रेत दिलं तर माणूस नशेत पडून राहत नाही. तो जेवतो, बोलतो, भांडतोसुद्धा.

(दृश्य: मुंबई. माउंट मेरीचा चढ, समुद्राकडून आलेला वारा, झाडं.)

भारतातलं पहिलं हॉस्पिस आपल्या मुंबईतलं. शांती अवेदना सदन, वांद्रे, 1986. कर्करोगाचे शल्यचिकित्सक डॉ. लुईस डिसोझा यांनी ते उभारलं. सेवा मोफत. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही त्यांची केंद्रं झाली. पुण्यात वारज्याचं सिप्ला फाउंडेशनचं केंद्र 1997 पासून आहे, तिथेही पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

(दृश्य: कायद्याच्या पुस्तकाचं पान. शिक्के. फायलींचे गठ्ठे.)

आणि शांती अवेदनाच्याच सुमाराचा, 1985 चा, एनडीपीएस कायदा. अमली पदार्थांची तस्करी रोखायला केलेला. तस्करांचं काय झालं तो वेगळा विषय. रुग्णालयांतलं मॉर्फिन मात्र आटलं. ते ठेवायचं तर निरनिराळ्या खात्यांचे निरनिराळे परवाने, आणि प्रत्येकाची मुदत वेगळी. एक हातात येईपर्यंत दुसरा संपलेला. चूक झाली तर तुरुंग. कोणता औषधविक्रेता ही बला घरात घेईल? डॉक्टरांची एक अख्खी पिढी मॉर्फिनची गोळी हातात न धरता शिकून बाहेर पडली.

(दृश्य: कोझिकोडे. मेडिकल कॉलेजच्या आवारातली ओपीडी. स्वयंसेवक पट्ट्या गुंडाळताना.)

केरळातले भूलतज्ज्ञ डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांचे सहकारी यांनी 1993 मध्ये कोझिकोडे इथे पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करणारी सेवा. एकीकडे गावागावांत स्वयंसेवक उभे केले, दुसरीकडे या कायद्याचा पाठपुरावा चालू ठेवला. 2008 मध्ये केरळ सरकारने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण जाहीर केलं, देशात पहिलं. आणि 2014 मध्ये संसदेने एनडीपीएस कायदा दुरुस्त केला. आता मॉर्फिनसारख्या अत्यावश्यक औषधांसाठी राज्याच्या औषध नियंत्रकाची एकच मान्यता पुरते. संस्थेत वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर हवा, वर्षाला किती लागेल याचा अंदाज कळवायचा, नोंदी ठेवायच्या. संपलं.

म्हणून आज एखाद्या हॉस्पिसचे व्यवस्थापक ‘मॉर्फिन ठेवायला परवानगीच मिळत नाही हो’ असं म्हणाले, तर समजा त्यांनी अर्ज केलेला नाही. देशातल्या पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञांनी किमान दर्जाची जी यादी केली आहे, तिच्यात तोंडावाटे घ्यायच्या मॉर्फिनचा अखंड पुरवठा ही अत्यावश्यक बाब आहे. बाग नाही.

(दृश्य: वॉर्ड. आजोबांचा हात. सिस्टरचा हात.)

सिस्टर विचारतात, “आजोबा, सोळा आण्यांतलं किती दुखतंय?”

“बारा आणे.”

शून्य ते दहाचा आकडा पुस्तकात असतो. इथे ज्याला जो हिशेब जमतो तो. कोणाला आणे, कोणाला पैसे, कोणाला नुसती बोटं. महत्त्वाचं पुढे आहे. सिस्टर तो आकडा लिहून घेतात. गोळीनंतर तासाभराने परत येतात.

“आता?”

“तीन-चार आणे असेल. चहा मिळेल का?”

(निवेदन थांबतं. आजोबा बशीत ओतून चहा पितात. दृश्य पूर्ण राहू द्यावं.)

(दृश्य: केसपेपरचा क्लोजअप.)

या कागदावर आणखी एक गोळी दिसेल, झोपताना घ्यायची. मॉर्फिनने शौचाला कडक होतं, जवळजवळ प्रत्येकाला, आणि मात्रा चालू असेपर्यंत होत राहतं. म्हणून मॉर्फिनसोबत पहिल्या दिवसापासून रेचक लिहायचं. हे बारीक काम आहे, पण डॉक्टर शिकलेला आहे की नाही ते इथे उघडं पडतं. मॉर्फिन आहे आणि रेचक नाही, तर आठवड्याभरात पेशंट पोट धरून ‘नको ती गोळी’ म्हणणार, आणि नातेवाईक म्हणणार, बघा, सांगत होतो.

(दृश्य: ड्रेसिंगची ट्रॉली. गोळ्या कुटून केलेली पावडर. ग्लोव्ह्जमधले हात. जखम दिसत नाही.)

तंबाखू, मिश्री, गुटखा. आपल्याकडे तोंडाचे कर्करोग भरपूर. गालाची जखम बाहेर फुटली की तिला वास येतो. तो तुम्हाला पडद्यावर येणार नाही, पण त्या वासामुळे नातवंडं खोलीत येईनाशी होतात, ताट वेगळं होतं, कॉट व्हरांड्यात जाते. उपाय महागडा नाही. मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्या कुटायच्या, वस्त्रगाळ करायच्या, जखम सलाइनने धुवायची आणि ही पावडर तिच्यावर भुरभुरायची. वास आणणाऱ्या जंतूंवर ती काम करते. सिस्टर पट्टी ओली करून, सुटी होऊ देऊन मग उचलतात. ओढत नाहीत. सुकलेली पट्टी ओढली की रक्त येतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी ड्रेसिंगचं नाव काढलं तरी थरथरतो.

हॉस्पिस बघायला जाल तेव्हा वॉर्डमध्ये नुसते उभे राहा आणि श्वास घ्या. फिनेलचा भपकारा येत असेल तर तो कशावर मारलाय ते विचारा.

(दृश्य: मावशी आणि मामा मिळून पेशंटला कुशीवर वळवतात. पाठीमागे उशी. तोंड पुसणं.)

दर दोन तासांनी कूस. ओठ ओले ठेवणं. जिभेवरचा पांढरा थर पुसणं. हे सगळं मावशी करतात, आणि त्यांचा पगार तुमच्या बिलात कुठेच वेगळा दाखवलेला नसतो. रात्री किती खाटांमागे किती मावशी, हा प्रश्न विचाराच. उत्तर देताना समोरचा खुर्चीत सावरून बसतो.

(दृश्य: रात्रीचा रस्ता. रुग्णवाहिकेचा निळा दिवा.)

आणि जिथे चावी संध्याकाळी सहाला मेट्रनबाईंच्या पर्समधून घरी जाते, तिथे? रात्री कळ उठते, ड्यूटीवरचा मुलगा घाबरतो, रुग्णवाहिका, आयसीयू, व्हेंटिलेटर, बिल.

(दृश्य: टेलिफोन. डायरी. आकडे लिहिणारा हात.)

मग नातेवाईकांनी करायचं काय? पेशंटला हलवण्याआधी एकदा रात्री अकरानंतर त्या हॉस्पिसला फोन करा. उचलला का, कोणी उचलला ते पाहा. विचारा, आत्ता कळ उठली तर काय द्याल? मॉर्फिनची गोळी कोण काढून देईल? ‘डॉक्टर सकाळी येतील’ हे उत्तर आलं तर आभार मानून फोन ठेवा. दिवसा प्रत्यक्ष जाल तेव्हा रजिस्टर दाखवा म्हणा. नावं झाकून दाखवता येतं, आम्हालाही तसंच दाखवलं. बाकी पैसे, डिपॉझिट, पावती, भेटीच्या वेळा, हे तुम्ही विचारालच.

(दृश्य: घरातली खोली. जिना. बॅग घेऊन चढणारी नर्स, पाठमोरी.)

घरी येऊन सेवा देणारी टीम घेणार असाल तर हेच प्रश्न, आणि वर आणखी एक. तो विचारताना जीभ अडखळते, तरी विचारा. घरी मृत्यू झाला तर कारणाचा दाखला, फॉर्म 4 अ, डॉक्टरच्या सहीचा लागतो. तो असल्याशिवाय स्मशानभूमीतलं काम अडतं. आजवर पेशंटला कधी न पाहिलेला गल्लीतला डॉक्टर सही करायला कचरतो, आणि त्याचं चुकत नाही. तेव्हा पहाटे साडेतीनला ही सही करायला टीममधला कोणता डॉक्टर येईल, त्याचा नंबर काय, आणि तो गावाला गेला असेल तर त्याच्या जागी कोण, हे तिघांचौघांसमोर विचारून फ्रिजवर चिकटवून ठेवा.