कुर्डुवाडी स्टेशन: जिथं प्रत्येकाला गाडी बदलावीच लागायची

नमस्कार मंडळी! पुण्याहून सोलापूरला रेल्वेनं निघालात की दौंड, भिगवण, जेऊर, मग कुंकवाचं केम आणि त्यानंतर येतं कुर्डुवाडी. सोलापूर अजून साधारण 80 किलोमीटर राहिलेलं असतं, गाडी दोन-चार मिनिटं थांबते, चहावाला खिडकीपाशी येतो आणि आपण पुढं निघून जातो. माढा तालुक्यातलं हे एवढंसं गाव, पण याला जंक्शन का म्हणतात, आणि एकेकाळी पंढरपूर, बार्शी, लातूरला जाणाऱ्या माणसाला इथं उतरण्यावाचून पर्यायच कसा नव्हता, ते आज बघू.

तर सुरुवात कापसापासून. जीआयपी रेल्वे, म्हणजे आजच्या मध्य रेल्वेची पूर्वज कंपनी, 1860 ला सोलापूरपर्यंत पोचली. पण लाईन टाकताना बार्शी बाजूलाच राहिली. आणि बार्शी म्हणजे त्या काळातली मोठी पेठ, कापसाचा जोरात व्यापार, तो सगळा माल बैलगाड्यांत भरून 35 किलोमीटर आणायचा आणि इथं रेल्वेत चढवायचा. म्हणून स्टेशनचं जुनं नाव काय होतं, तर बार्शी रोड. बार्शीला जायचंय का, मग इथं उतरा आणि पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा सरळ हिशोब.

आता यात एक इंग्रज इंजिनिअर येतो, एव्हरार्ड कॅलथ्रॉप. हा आधी जीआयपीतच नोकरीला होता. त्याच्या डोक्यात होतं की बार्शीपर्यंत लाईन टाकायची, पण मोठ्या गेजची (गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर) नाही, तो खर्च निघणारच नाही. मग 1895 ला लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी रजिस्टर झाली आणि 1897 ला बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू झाली. गेज किती? 762 मिलीमीटर, म्हणजे अडीच फूट. आपली ब्रॉडगेज असते 1676, म्हणजे ही निम्म्याहूनही कमी.

छोटी गाडी म्हटलं की लोकांना माथेरानसारखं काहीतरी डोळ्यासमोर येतं, पण हे प्रकरण वेगळं होतं हां. कॅलथ्रॉपनं नियम असा ठेवला की इंजिन असो, मालाचा डबा असो नाहीतर पॅसेंजरचा, कुठल्याही एका अॅक्सलवर, म्हणजे चाकांची जोडी जोडणाऱ्या दांड्यावर, 5 टनांपेक्षा जास्त वजन येता कामा नये. यानं काय होतं, वजन जास्त चाकांवर वाटलं जातं, त्यामुळं रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च एकदम खाली येतो, आणि तरी डबे चांगले लांबलचक ठेवता येतात, माल भरपूर बसतो. इंजिनं आणली लीड्सच्या किटसन कंपनीची, जोर लावणारी आठ चाकं असलेली, म्हणजे एवढ्याशा रुळावर बऱ्यापैकी दणकट मशीन. खरंतर याला मी त्या काळातलं जुगाडच म्हणेन, फक्त कागदावर नीट गणित मांडून केलेलं. (हाच माणूस पुढं विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या मागं लागला, गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट त्याचंच.)

आणि गंमत म्हणजे बार्शीचा हा अनुभव तो परत इंग्लंडला घेऊन गेला, तिकडं लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अडीच फुटी लाईन 1904 ला सुरू झाली. ती 1934 ला बंदपण पडली. आपली मात्र चालतच राहिली.

चालत काय, वाढत गेली. 1906 ला पंढरपूर जोडलं गेलं, 1911 ला लातूर, म्हणजे गाडी निजामाच्या राज्यात शिरली, आणि 1927 ला दुसऱ्या बाजूनं मिरज. एकूण सव्वातीनशे किलोमीटरची लाईन झाली आणि तिच्या मधोमध आपलं कुर्डुवाडी. नॅरोगेजची इंजिनं आणि डबे दुरुस्त करायचा वर्कशॉपही इथंच, त्यामुळं गावात रेल्वेवाल्यांची वस्ती, रेल्वेचा पगार, त्यावर चालणारी दुकानं, सगळं आलं.

आता खरा मुद्दा. गेज बदललं की गाडी पुढं जात नाही. मुंबईहून आलेल्या ब्रॉडगेजच्या डब्यातलं पोतं उतरवायचं, हमालानं पाठीवर घ्यायचं, नॅरोगेजच्या डब्यात चढवायचं. लातूरकडून आलेल्या मालाचं तेच, फक्त उलटं. माणसांचंही तेच, वळकटी, ट्रंक, लेकरं घेऊन पलीकडच्या गाडीला पळा, ती लागलेली नसेल तर थांबा, मग चहा प्या, खा, कुणी रात्र काढा. आषाढी-कार्तिकीला तर विचारायलाच नको, सगळीकडचे वारकरी मेन लाईननं येणार आणि पंढरपूरच्या छोट्या गाडीवर तुटून पडणार, डब्यात जागा नाही तर टपावर. कुर्डुवाडीचं बरंचसं पोट या गैरसोयीवर भरत होतं.

1954 ला सरकारनं ही कंपनी विकत घेतली, लाईन मध्य रेल्वेत आली. पण गेज तेच. रस्ते सुधारले, एसटी वाढली, ट्रक आले, आणि ही गाडी मागं पडत गेली. लोक म्हणतात, काय मजा होती त्या गाडीची! असेल बाबा मजा, पण हे म्हणणाऱ्यांत पोती वाहणारे फारसे नसतात, आणि लातूरहून मुंबईला दवाखान्यात निघालेलेही नसतात.

मग 2000 नंतर टप्प्याटप्प्यानं ब्रॉडगेज झालं, आधी पंढरपूर, मग 2007-08 मध्ये लातूरची बाजू, आणि शेवटी 2010-11 च्या सुमारास पंढरपूर-मिरज. लातूरच्या बाजूला जुनी लाईन धाराशिव शहर सोडून जायची, नवीन करताना मार्ग वळवून शहर घेतलं, हे फार बरं झालं.

याचा खरा उपयोग कळला 2016 च्या एप्रिलमध्ये. लातूरला पाणी संपलेलं, नळाला महिना-महिना थेंब नाही. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी भरून रेल्वे निघाली. पहिल्या गाडीला 10 टँकर, एकेकात साधारण 50 हजार लिटर. नंतर 50-50 टँकरच्या गाड्या, म्हणजे एका खेपेला 25 लाख लिटर. मार्ग कुठला? मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. अख्खी बार्शी लाईट रेल्वे, या टोकापासून त्या टोकापर्यंत! टँकर आले होते राजस्थानातल्या कोट्याहून साफ होऊन. लाईन अडीच फुटीच राहिली असती तर हे टँकर तिच्यावर चढलेच नसते. 2020 ला सांगोल्याचं डाळिंब किसान रेल्वेनं पार बिहार-बंगालपर्यंत गेलं, तेही याच रुळांवरून.

आता आजचं. हुतात्मा, सिद्धेश्वर या सोलापूरच्या गाड्या इथं थांबतात, मुंबई-लातूर गाडी इथूनच वळते, कोल्हापूरहून लातूरमार्गे नागपूरला जाणारी गाडीपण याच जंक्शनातून जाते, आणि आषाढीला पंढरपूरसाठी स्पेशल गाड्या सुटतात. पण थेट गाड्या आल्या म्हणजे उतरायचं कारण गेलं. लातूरचा माणूस रात्री झोपतो, कुर्डुवाडी कधी गेलं त्याला पत्ताही नसतो. गावाचं यात नुकसान झालं, वर्कशॉपचं जुनं कामही गेलं, हे मान्यच करायला पाहिजे. लातूर, धाराशिव, पंढरपूर तिन्हीकडं फायदा झाला आणि त्याची किंमत या एका गावानं जास्त मोजली, असं माझं मत.

पंढरपूरला जायचं असेल तर अजूनही इथं उतरून जाता येतं, पन्नासेक किलोमीटर आहे, जोडगाडीची वेळ मात्र आधी अॅपवर बघून घ्या, नाहीतर सरळ एसटी पकडा. आणि तुमच्या घरातलं कुणी कुर्डुवाडी वर्कशॉपला कामाला होतं का, नॅरोगेजच्या डब्याचे फोटो वगैरे असतील तर कमेंटमध्ये सांगा, पुढचा व्हिडिओ मिरजेकडच्या बाजूवर करतोय, त्यात वापरता येतील.